बहुमताने सिद्ध

दुसऱ्या वर्षाच्या गणिताच्या पेपरातला तिसरा प्रश्न चुकीचा होता. अवघड नव्हे, आडवळणी नव्हे, साफ चुकीचा. आणि मुलुंडच्या त्या कॉलेजातल्या अख्ख्या वर्गाने तो सिद्ध करून दाखवला होता. ज्यांनी नीट सिद्ध केला त्यांना दहापैकी दहा मिळाले, ज्यांची मधली एखादी ओळ गळली त्यांना सात-आठ. एका मुलीने मात्र लिहिलं, की हे विधान खोटं आहे, आणि ते का खोटं आहे तेही खाली लिहिलं. तिला भोपळा मिळाला.

ती मुलगी म्हणजे वनमाला घाडी. राहायची भांडुपला, डोंगरावरच्या चाळीत. तिचे वडील गुणाजी गिरणीत होते, म्हणजे संपाआधी होते. आता त्या संपाला तीन वर्षं झाली होती आणि तो नक्की कधी संपला हे कुणालाच सांगता आलं नसतं. गुणाजी एका रबराच्या कारखान्यात वॉचमन म्हणून लागले होते. आई जानकी दोन घरी पोळ्या करायची. वनमाला चाळीतल्या मुलांच्या शिकवण्या घ्यायची आणि उरलेल्या वेळात गणित करायची. खरं तर उलटं म्हणायला हवं. ती गणित करायची आणि उरलेल्या वेळात बाकीचं सगळं.

तिला गणित का आवडायचं हे कुणी विचारलं असतं, तर तिने एका दमात सांगितलं असतं. डोंगरावर काहीही हवं असलं तरी कुणाची तरी ओळख लागायची. नळ हवा, नगरसेवकाचा माणूस ओळखीचा पाहिजे. रेशनकार्डावर नाव चढवायचंय, तिथला कारकून ओळखीचा पाहिजे. कारखान्यात चिकटायचंय, आतला कुणीतरी पाहिजे. गणितात तेवढं कुणी लागत नव्हतं. एखादी गोष्ट खरी असली की ती खरी, मग ती सिद्ध करणारी डोंगरावरची असो की मलबार हिलची. असं सगळ्या जगात हे एकच दुकान होतं, जिथे वशिल्याशिवाय माल मिळायचा. म्हणून तिला तिसऱ्या वर्षाला फक्त गणित घ्यायचं होतं. त्याच्या वीस जागा होत्या, आणि त्या दुसऱ्या वर्षाच्या मार्कांवर भरायच्या. ज्यांना जागा मिळणार नाही त्यांनी मुकाट्याने फिजिक्सला जायचं.

गणिताचे मुख्य मार्तंड दाबके सर. उंच, स्वच्छ धोतर-कोटातले नव्हेत, टेरिकॉटच्या सफारीतले, अक्षर छापल्यासारखं. त्यांच्या नोट्स म्हणजे कॉलेजचं वैभव होतं. सर वर्गात येऊन त्या संथ लयीत सांगायचे आणि मुलं उतरवून घ्यायची. थोरल्या भावाच्या नोट्स धाकट्याला चालायच्या, कारण त्यांत एक शब्दही बदलत नसे. प्रत्येक प्रमेयाच्या डोक्यावर सर चांदण्या सांगायचे: एक चांदणी म्हणजे वाचून ठेवा, दोन म्हणजे पाठ करा, तीन म्हणजे हे येणारच. मुलं चांदण्या बघून अभ्यास करायची. पाठ म्हणजे पाठ. परीक्षेत पहिली ओळ वाचली की हात आपोआप चालू लागायचा आणि शेवटच्या ओळीला थांबायचा.

तिसरा प्रश्न अशाच एका तीन चांदण्यांच्या प्रमेयाचा होता. मूळ प्रमेय असं: क्लोज्ड इंटरव्हलवर, म्हणजे ज्या पट्ट्याची दोन्ही टोकं धरलेली आहेत त्यावर, फंक्शन न तुटता चालत असेल तर ते एका मर्यादेपलीकडे जाऊ शकत नाही. त्याची शान सगळी त्या दोन टोकांत आहे. टोकं सोडून द्या की प्रमेय कोसळलं. पेपरात दाबके सरांनी लिहिलं होतं ओपन इंटरव्हल. म्हणजे टोकं सोडलेली. आणि खाली: सिद्ध करा.

वनमालाने प्रश्न वाचला आणि पुन्हा वाचला. मग तिने कच्च्या कागदावर शून्य आणि एकच्या मधला पट्टा घेतला आणि एक भागिले एक्स हे साधं फंक्शन. एक्स शून्याच्या जवळ सरकवत न्या. एक दशांशाला उत्तर दहा, एक शतांशाला शंभर, एक सहस्रांशाला हजार. कुठेही तुटत नाही आणि कुठेही थांबत नाही. झालं, विधान खोटं. एवढंसं उदाहरण, शाळेतल्या पोराला कळेल असं.

ती उभी राहिली. सुपरव्हिजनला केमिस्ट्रीचे एक सर होते. त्यांना तिने सांगितलं, की प्रश्नात चूक असावी. त्यांनी लवू शिपायाला दाबके सरांकडे पाठवलं. लवू परत आला आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाला, "सर म्हणतात प्रश्न बरोबर आहे, लिहा." लवूला नंतर तिने खोदून विचारलं तेव्हा कळलं की सरांनी पेपर हातातसुद्धा घेतला नव्हता. चहा पिता पिता सांगितलं होतं.

आता या ठिकाणी शहाण्या माणसाने काय केलं असतं? मुकाट्याने पाठ केलेलं खरडलं असतं. ते तिलाही येत होतं. आजूबाजूला साठेक पेनं सरसर चालली होती, पुढच्या बाकावर तिची मैत्रीण कुंदा मान खाली घालून लिहीत होती. वनमालाने पेन टेकवलं आणि तिला ते जमेना. जे खोटं आहे हे डोळ्यांसमोर दिसतंय ते सिद्ध करायचं म्हणजे नक्की काय करायचं, हेच तिला कळेना. तिने विधान खोटं असल्याचं लिहिलं, उदाहरण दिलं, टोकं धरली तर खरं प्रमेय काय होईल तेही लिहिलं, आणि त्याची सिद्धतासुद्धा दिली. म्हणजे बघा, बाकीच्यांनी जे लिहिलं ते सगळं तिच्या पेपरात होतंच, वर खरेपण होतं. त्यावर लाल पेनाने एक आडवी रेघ आली आणि शून्य.

शून्यामुळे ती वीस जणांच्या यादीतून बाहेर पडली. ते दहा मार्क धरले तर ती चौथी येत होती.

ती सरांना भेटायला गेली तेव्हा मनात राग नव्हता हे सांगायला हवं. तिला वाटलं होतं, घाईत तपासलं असेल. सरांनी कपाटातून पेपर काढला, चष्मा लावला, वाचला. एक भागिले एक्सपाशी ते थांबले. वनमाला त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. त्यांना कळलं. ते काही ठोंबे नव्हते; एका ओळीत त्यांना सगळं कळलं, आणि कळलेलं तिला दिसलं. मग त्यांनी पेपर घडी करून पुन्हा गठ्ठ्यात सारला आणि म्हणाले, विभागात चर्चा करून सांगतो.

चर्चा! दोन अधिक दोन किती याची चर्चा करायला गणिताच्या विभागाची सभा भरली. सभेत काय झालं ते वनमालाला उत्तरा मॅडमनी सांगितलं. उत्तरा मॅडम नव्या होत्या, तिशीच्याही आतल्या, घाटकोपरहून यायच्या. विभागात तेवढ्या एकट्याच अशा होत्या की मुलांनी शंका विचारली तर त्यांना बरं वाटायचं. त्यांनी तिला व्हरांड्याच्या टोकाला नेलं आणि हळू आवाजात सांगितलं. सगळ्यांना मान्य आहे की तुझं बरोबर आहे. पण तुला दहा द्यायचे तर बाकीच्या सगळ्यांचे कापावे लागतील, कारण त्यांनी खोटं सिद्ध केलंय. निकाल तर लागून गेलाय. पालक येतील. प्रिन्सिपल विचारतील की प्रश्न कुणी काढला. तेव्हा सभेने ठरवलं, की प्रश्न बरोबर होता असंच धरायचं.

"धरायचं म्हणजे?" वनमालाने विचारलं.

"म्हणजे... मतं घेतली."

मग तिने विचारलं, की मॅडम, तुम्ही कुणीकडे मत दिलंत? उत्तरा मॅडम व्हरांड्याच्या कठड्यावर नख घासत राहिल्या. त्या म्हणाल्या, मी तुझ्या बाजूने बोलले गं, खूप बोलले, पण मी अजून नोकरीत कन्फर्म नाही, हात वर करायची वेळ आली तेव्हा सगळ्यांबरोबर केला.

तळपायाची आग मस्तकाला जाणं म्हणजे काय हे वनमालाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. एका फंक्शनला मर्यादा आहे की नाही हे टेबलाभोवती बसलेल्या माणसांनी हात वर करून ठरवलं होतं. उद्या ठरवतील की त्रिकोणाला चार बाजू. आणि ज्यांना ठाऊक होतं की त्याला तीनच असतात, तेही हात वर करतील, कारण ते कन्फर्म नाहीत.

पण सभेचं मन मोठं होतं. तिच्यासाठी एक वाट काढली होती. तिने अर्ज करायचा, की तब्येत ठीक नसल्यामुळे मी प्रश्न नीट वाचला नाही, त्यातला 'क्लोज्ड' हा शब्द माझ्या नजरेतून सुटला, तरी माझ्या घरची परिस्थिती लक्षात घेऊन सहानुभूतीने विचार व्हावा. मग प्रिन्सिपलच्या अधिकारात दहा मार्क वाढवून मिळतील, जागाही मिळेल. कुणाचंच नुकसान नाही. मजकूर दाबके सरांनीच तयार ठेवला होता, त्यांच्या त्या छापील अक्षरात. वनमालाने फक्त उतरवून घेऊन खाली सही करायची. नोट्ससारखंच.

जो शब्द पेपरात नव्हताच, तो तिच्या नजरेतून सुटला होता. आणि सहानुभूती! हक्काचे दहा मार्क भिकेसारखे ओंजळीत टाकायचे, वर तिनेच म्हणायचं की मी आंधळी होते.

कुंदाला यात एवढं चिडण्यासारखं काय आहे ते कळत नव्हतं. ती मुलुंडची, तिचे वडील बँकेत, स्वभावाने चांगली मुलगी. ती म्हणाली, यार, देऊन टाक ना अर्ज, वाचतंय कोण, मार्क मिळाल्याशी मतलब. वनमालाने तिला विचारलं, की तुला लिहिताना एकदाही वाटलं नाही का, की हे चुकतंय? कुंदाने खरं तेच सांगितलं. तिने प्रश्नाचे पहिले तीन शब्द वाचले होते. प्रमेय ओळखीचं वाटलं, पुढे वाचायची गरजच पडली नाही. म्हणजे प्रश्न नीट न वाचता उत्तर लिहिणारी दहापैकी दहा घेऊन बसली होती, आणि नीट वाचणारीने लिहून द्यायचं होतं की मी वाचला नाही.

घरी तिने हे सांगितलं तेव्हा गुणाजी ड्युटीवर निघायच्या तयारीत होते. बूट घालता घालता त्यांनी सगळं ऐकून घेतलं. क्लोज्ड-ओपन त्यांना कळलं नाही, पण लिहून काय द्यायचंय ते अगदी नीट कळलं. संपानंतर गिरणीने त्यांना काही महिने परत घेतलं होतं, तेव्हा त्यांच्याकडूनही असंच लिहून घेतलं होतं, की बाहेरच्या माणसांच्या चिथावणीने मी कामावर आलो नाही, चूक झाली, पुन्हा होणार नाही. चिथावणी कुणी दिली नव्हती. त्यांना पगार परवडत नव्हता म्हणून ते संपात गेले होते. तरी त्यांनी सही केली, आणि वर्ष व्हायच्या आत गिरणीने त्यांचं खातंच, म्हणजे अख्खा विभागच, बंद केला.

"सही कर आनि शिक," ते म्हणाले. "सही केल्यान अंगाक भोकां पडनत नाय. माका खंय पडली?"

जानकी चुलीपाशी होती. ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "पडली हत. दिसनत नाय इतक्याच."

गुणाजी गेले. वनमालाला वडिलांचा राग आला, मग त्या रागाची लाज वाटली, आणि मग ज्या लोकांनी माणसांना अशी लाज वाटायला लावली त्यांचा पुन्हा राग आला. पण सही न करता फिजिक्सला जायचं, तर त्याची प्रॅक्टिकलं संध्याकाळपर्यंत चालायची. शिकवण्या सुटल्या असत्या, आणि शिकवण्या सुटल्या की कॉलेजच सुटलं असतं. गणित तर हातचं गेलंच होतं. तिने दुसऱ्या दिवशी दाबके सरांचा मजकूर उतरवून काढला. 'क्लोज्ड' हा शब्द माझ्या नजरेतून सुटला, हे वाक्य लिहिताना तिचा हात थांबला. मग तिने ते लिहिलं आणि सही केली.

तिसऱ्या वर्षाची यादी लागली. वनमाला घाडी, चौथी.

वाटलं होतं की आता हे मिटलं. गणिताचा वर्ग लहान, वीस जणांचा, खिडकीतून आग्रा रोडवरच्या बसचे हॉर्न ऐकू यायचे. पहिला तास दाबके सरांचाच. मागच्या वर्षाची उजळणी म्हणून त्यांनी तेच प्रमेय घेतलं. फळ्यावर लिहिलं, या खेपेला बरोबर लिहिलं. मग वळून म्हणाले, की यातला 'क्लोज्ड' शब्द अत्यंत महत्त्वाचा आहे. तो काढला तर प्रमेय खोटं ठरतं. आणि त्यांनी उदाहरण दिलं. एक भागिले एक्स, शून्य ते एक. जणू त्यांना ते झोपेतही येत होतं. इतक्या वर्षांच्या नोट्समध्ये हे उदाहरण कधी नव्हतं.

वनमालाने तेही सोसलं असतं. पण सर खडू झटकत हसले आणि पुढे म्हणाले, "म्हणून सांगतो, प्रश्न नीट वाचत जा. गेल्या परीक्षेत एका विद्यार्थिनीने हा शब्दच वाचला नव्हता. शेवटी अर्ज करावा लागला तिला."

वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं. दोघे-तिघे हसले. त्या हसणाऱ्यांनी पेपरात ते खोटं विधान शेवटच्या ओळीपर्यंत सिद्ध केलं होतं.

वनमाला उभी राहिली. 

"सर, तो शब्द प्रश्नात नव्हता. मी प्रश्न वाचला होता. अर्जात मी खोटं लिहिलं, आणि ते तुम्ही लिहून दिलं होतं."

दाबके सरांनी खडू टेबलावर ठेवला. ते चिडले नाहीत. त्यांनी अगदी शांतपणे तिला आठवण करून दिली, की ती या वर्गात त्या अर्जामुळेच बसली आहे. अर्ज खोटा असेल तर तिने तो मागे घ्यावा. दहा मार्क जातील, त्याबरोबर जागाही जाईल. मग तिला जे काही बोलायचं असेल ते खुशाल बोलावं.

त्यांची खात्री होती की ती खाली बसेल. वनमालाने बाकावरून वह्या उचलल्या आणि ती ऑफिसात गेली. शेजारी बसलेल्या कुंदाने तिला वाट द्यायला पाय आत घेतले, तिच्याकडे बघितलं मात्र नाही.

ऑफिसात राजाराम नावाचा कारकून होता. तिने अर्ज मागे घ्यायचाय म्हटल्यावर त्याने आधी तिच्या तोंडाकडे बघितलं. मग म्हणाला, मार्क वाढवून मागायचा अर्ज असतो, कमी करायचा अर्ज आजवर आलेला नाही. तिने सांगितलं की तिने खोटं लिहून दिलंय. तो म्हणाला, खोटं असेल पण मंजूर झालंय. वर प्रिन्सिपलची सही आहे, निकालाच्या गॅझेटसाठी आकडे विद्यापीठाकडे गेलेत, आता ते बदलायचे म्हणजे आधी चूक झाली असं कॉलेजने लिहून द्यायला पाहिजे. कॉलेज ते देणार आहे का? तिने कागद पुढे केला, त्याने तो बोटाने परत सरकवला. तिने पुन्हा पुढे केला. शेवटी त्याला तिची दयाच आली.

"अगं बाई, जा वर्गात. तुला जागा मिळालीय ना? लोक इथे रडतात जागेसाठी."

म्हणजे खोटं घेताना त्यांनी दोन दिवसांत घेतलं, आणि खरं घ्यायला खिडकीच नव्हती. जिन्यात ती थोडा वेळ उभी राहिली. रडू येत होतं, ते तिने येऊ दिलं नाही. घरी जावं असं क्षणभर वाटलं. मग मनात आलं, जागा माझीच आहे. अर्जाआधीपासून माझी आहे. मी चौथीच आले होते. ती का म्हणून सोडायची, यांची सोय व्हावी म्हणून?

ती वर्गात परत आली. दाबके सर नवं प्रमेय सुरू करत होते. त्यांनी विचारलं, झालं का? तिने सांगितलं की ऑफिसात अर्ज घेत नाहीत, कॉलेजने चूक कबूल करायला हवी म्हणतात, आणि मी उद्या पुन्हा जाणार आहे. ती तिसऱ्या बाकावर आपल्या जागेवर जाऊन बसली. तिने बसायची परवानगी मागितली नाही.

सरांनी फळ्याकडे तोंड केलं आणि प्रमेयाचं विधान लिहायला घेतलं. नोट्स त्यांच्या हातात होत्या, तरी ते नेहमीपेक्षा सावकाश लिहीत होते. शेवटचा शब्द लिहून झाल्यावर पुढे सिद्धता सुरू करायच्या आधी त्यांचा हात थांबला. त्यांनी मागे वळून तिसऱ्या बाकाकडे बघितलं.

वनमालाने विधान पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. ते बरोबर होतं. तिने मान हलवली नाही. सर खडू धरून तसेच उभे राहिले, आणि मग त्यांनी फळ्याकडे वळून स्वतःच लिहिलेलं पुन्हा वाचायला सुरुवात केली.